इटलीहून आलेले पंजाबराव

मी गणिताचा निवृत्त मास्तर. तरी आमच्या अमरावतीच्या चित्रपट मंडळाचा भाषांतरकार मीच, कारण पडद्याखालची बारीक इंग्रजी अक्षरं बाकी कोणाला चष्मा लावूनही दिसत नाहीत. मी वाचतो आणि माईकवर वऱ्हाडीत सांगतो.

त्या रविवारी सकाळी अकराला इटलीतला जुना, काळा-पांढरा सिनेमा होता. एकाच शहरातल्या साध्या माणसांच्या पाच छोट्या गोष्टी. सुरू केला, तर अक्षरंच गायब. इटालियनचं मला ओ की ठो कळत नाही, पण साठ माणसांपुढे कबूल कोण करणार? दिलं ठोकून. तिथल्या पोलिसाच्या तोंडी मी माझ्या साडूची भाषा घातली. लोक पोट धरून हसले आणि मला चेव चढला.

चौथ्या गोष्टीत ट्रामच्या थांब्यावर पाच-सहा माणसं उभी होती. पहिल्या रांगेतून कौशल्याबाई उठल्या आणि त्यांनी त्यातल्या टोपीवाल्याकडे बोट दाखवलं.

"हे आमचे पंजाबराव होत."

त्यांचा नवरा अकरा वर्षांपूर्वी दर्यापूरला लग्नाला म्हणून गेला, तो आलाच नाही. बाई अजून रोज त्याचं ताट वाढतात. मी समजावलं, की बाई, हा सिनेमा आला तेव्हा पंजाबराव जन्मलेही नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"सर, थे काय म्हनून राहिले, तेवढं सांगा."

त्यांचा चेहरा बघून मला गलबलून आलं. मी माईकमध्ये म्हणालो, "गुरुवारी येतो. दुपारच्या अकोल्याच्या गाडीनं."

पडद्यावरच्या माणसानं माझ्याकडे पाहून मान हलवली. इटलीचे नट करत असतील तसं, असं म्हणून मी चहा मागवला.

गुरुवारी शरमेनं मी घराबाहेर पडलो नाही. शुक्रवारी सकाळी कौशल्याबाईंचा फोन आला. हे आले, म्हणाल्या. रंग जरा उतरला, अन् बोलनं काही समजत नाही. तुमी जेवायलेच या.

गेलो. तो पाटावर बसला होता. कोट, टोपी, गाल, सगळं राखाडी. खिडकीतलं ऊन थेट अंगावर, तरी राखाडीच. मी चष्मा दोनदा पुसला. पिवळ्याधमक वरणात बुडालेली त्याची बोटं राखाडीच बाहेर आली.



"सर," कौशल्याबाई म्हणाल्या, "मले एकच इचारायचं हाय. हे मले सोडून काहून गेले?"

तो माझ्याकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले.

बस झाला खोटेपणा, असं मी ठरवलं.

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

माझ्या शब्दाशब्दाला त्याचे ओठ हलले.

"माहीत नाही म्हनतात," बाई हळूच म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.