ठमीची शिकार

सुनंदा कर्णिकांनी दार वाजवलं तेव्हा त्यांच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली मांजर होती आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"टिपणीस, ठमी उठत नाही हो."

मधुकर टिपणिसांनी टॉवेल जरा बाजूला केला. ठमीने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

टिपणीस विमा कंपनीत होते. जळालेली गोदामं तपासायची आणि आग लागली की लावली, हे शोधायचं, यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले आणि त्यांच्याशी खोटं बोलायलासुद्धा कोणी येईना. बायको आधीच गेली होती. मुलुंडच्या त्या सोसायटीत लोक त्यांना मानायचे, म्हणजे जिन्यात वाट सोडायचे आणि पुढे निघून जायचे.

दवाखाना नाल्यापलीकडे होता. गेल्या आठवड्यात पायपूल दुरुस्तीसाठी उखडला होता, त्यामुळे रिक्षाला मोठा वळसा पडला. वाटेत सुनंदाबाई एकच वाक्य घोकत होत्या, "काल तर चांगली होती."

डॉक्टरीणबाईंनी ठमीचा ओठ वर केला. हिरडी पांढरीफटक होती.

"उंदराचं औषध पोटात गेलंय, असं वाटतं. पण कुठलं? त्यात जाती आहेत. प्रत्येकाचा उतारा वेगळा. म्हातारं जनावर आहे, चाचपडत काही टोचणार नाही. मला त्या औषधाचं पाकीट आणून द्या. दवाखाना बंद व्हायच्या आत."

"नाही मिळालं तर?"

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. ठमीला त्यांनी ठेवून घेतलं.

सुनंदाबाईंचे यजमान गेलेले, मुलगा कुवेतला. त्याचा फोन यायचा सणासुदीला, तोही समोरच्या वाण्याच्या दुकानात. घरात बोलायला होती ती एकटी ठमी. ती गेली तर त्या घरात काय उरेल, हे टिपणिसांना कोणी सांगायला नको होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात तेच उरलं होतं.

"ठमी बाहेर जाते?" परत येताना त्यांनी विचारलं.

"कुठली! खिडक्यांना जाळी आहे. गॅलरीत बसते तेवढीच."

"खाते काय?"

"माझ्या हातचं. बोंबील आणि भात. आणि उंदीर." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "दात निम्मे पडलेत हो तिचे. जन्मात झुरळ मारलं नाही. आणि या महिन्यात अचानक शिकारी झाली! गॅलरीतच धरते. मी ओरडून शाबासकी देते आणि शेजारच्या घाडीमामांना हाक मारून सांगते, 'मामा, ऐकलंत का, आमच्या ठमीने आणखी एक धरला!'"

"कोणावर संशय?"

"राणे! दुसरं कोण? ठमी ओरडते म्हणून त्या दिवशी जिन्यात म्हणाले, या मांजरीचा एकदा बंदोबस्त करतो."

जयवंत राणे सोसायटीचे सेक्रेटरी. इमारतीत उंदरांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यांनीच सभा घेऊन ठराव केला होता: घराघरांत मुकी जनावरं आहेत, कोणी विष ठेवायचं नाही. सोसायटीने तारेचा एक पिंजरा आणला. तो पाळीपाळीने घरोघर फिरायचा. भाकरीचा जळका तुकडा आत अडकवायचा, उंदीर सापडला की विल्हेवाट लावायची आणि पिंजरा पुढच्या दारी द्यायचा.

राण्यांच्या दारात पोपट किंचाळला.

"राणे, पिंजरा तुमच्याकडे शेवटचा कधी होता?"

"आठवत नाय. या वेळी आम्ही पाळी सोडली. मागच्या वेळी पण. दिला पुढे."

"पूर्वी तर तुमच्याकडेच सगळ्यात जास्त सापडायचे. वहिनींचा शालू कुरतडला होता ना?"

"गेले असतील कुठे तरी. साहेब, ठराव मी केलाय. घरात माझा पोपट आहे. मी मांजरीला विष घालीन?"

"बंदोबस्त करतो म्हणालात."

"बोलतो ना माणूस रागात! काय यार, म्हातारी मांजर मारून मला काय भेटणार?"

बोलताना राण्यांची नजर सरळ होती. मांजरीबद्दल हा माणूस खरं बोलतोय, असं टिपणिसांना वाटलं. बाकीच्याबद्दल ते अजून काही ठरवायला तयार नव्हते.

राण्यांच्या घराच्या बरोबर वर घाडीमामा राहायचे. त्यांच्या दाराबाहेर पिंजरा ठेवला होता, पुढच्या घरी जायला तयार. टिपणीस गुडघे मोडून बसले. पिंजऱ्याच्या तळाशी जळक्या भाकरीचा चुरा होता आणि उंदराच्या लेंड्या. उंदराच्या लेंड्या काळ्या असतात. या निळसर हिरव्या होत्या.

त्यांनी दार ठोकलं.

दशरथ घाडी मूळचे मालवणकडचे. संपात गिरणी गेली, मागोमाग बायको गेली. मुलाची बदली बडोद्याला झाली आणि मामा त्याच्या घराचे राखणदार होऊन राहिले. गळ्यात तुळशीची माळ. माणूस इतका गरीब, की दारावर आलेल्या विक्रेत्यालासुद्धा आधी पाणी द्यायचा.

"मामा, उंदीर सापडला होता?"

"सापडलो. काल."

"मारलात?"

"माका कसो मारूक जमतलो? माळ असा ना गळ्यात."

"मग?"

"सोडून इलंय. नाल्याच्या पलीकडे."

"पायपुलावरून?"

"होय तर. दुसरी वाट खंयची?"

टिपणिसांनी मान डोलावली आणि सहज गॅलरीत डोकावले. तिथे एकच खुर्ची होती. रस्त्याकडे तोंड करून नव्हे, सुनंदाबाईंच्या बाजूच्या लाकडी आडोशाला चिकटवून ठेवलेली. आडोशाची खालची फळी कुजून मुठीएवढी फट पडली होती.

थोड्याच वेळात त्यांनी राण्यांना आणि मामांना सुनंदाबाईंच्या घरी बोलावलं. दवाखाना बंद व्हायला आता फार वेळ नव्हता.

"ठमीला कोणी विष घातलेलं नाही," टिपणीस म्हणाले. "ती बाहेर जात नाही, परक्या हातचं खात नाही. म्हणजे विष तिच्याकडे चालत आलं. उंदराच्या पोटातून."

सुनंदाबाईंनी तोंडावर हात घेतला.

"निम्मे दात पडलेली मांजर महिनाभर उंदीर मारते. का? ती तरणी झाली नाही, उंदीर मरगळले होते. काही औषधं उंदराला जागच्या जागी मारत नाहीत. तो खातो, दोन-चार दिवस फिरतो, हळूहळू थकतो. पिंजऱ्यातल्या लेंड्या निळसर आहेत, कारण औषधाच्या वड्यांना रंग असतो. आता ज्या घरात सगळ्यात जास्त उंदीर, तेच घर लागोपाठ पिंजऱ्याची पाळी सोडतं. पिंजरा कोणाला नको असतो, राणे? ज्याच्याकडे दुसरा उपाय आहे त्याला."

राण्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"शालू बायकोच्या लग्नातला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माळ्यावर ठेवल्या वड्या. वाटलं, पोपट पिंजऱ्यात, मांजर जाळीत, कोणाला कळणार? आईशप्पथ, वरच्या मजल्यावर जाईल असं डोक्यात पण आलं नाय."

"उंदीर पाइपावरून वर चढतो, राणे. तो तुमचे ठराव वाचत नाही. पाकीट आहे?"

"आहे."

"मग अजून इथे का? स्कूटर काढा!"

राणे धावत सुटले. जिन्यातून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

"पण ते उंदीर माझ्या गॅलरीत कसे आले?" सुनंदाबाईंनी विचारलं.

टिपणिसांना पुढचं बोलणं नको झालं. गोदामं जाळणाऱ्या व्यापाऱ्यांना उघडं पाडताना त्यांना मजा यायची. इथे मजा नव्हती.

"मामा, पायपूल गेल्या आठवड्यापासून उखडलेला आहे. काल तुम्ही त्यावरून गेला नाहीत. पिंजऱ्याचं दार तुम्ही आडोशाच्या फटीशी उघडत होता. आणि एकदाच नाही."

मामांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"माळकऱ्याने मारायचं नाही, म्हणून मांजरीकडून मारवलंत?" सुनंदाबाईंचा आवाज चिरका झाला. "माझ्या ठमीच्या तोंडी दिलंत?"

"नाय गो बाय." मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पयलो आपसूक गेलो फटीतून. ठमीन धरल्यान. तू माका हाक मारलंस, 'मामा, ऐकलंत का.' त्या दिवशी माझ्याशी कोण बोलूक नव्हता. आदल्या दिवशी पण नाय. मग मी पिंजरो फटीकडेच नेऊक लागलंय. आपली पाळी नसली तरी मागून आणी. उंदीर सोडलो की तू हाक मारतलंस, ह्या माका म्हायत होता. त्येच्या पोटात इख असा, ता माका काय म्हायत?"

सुनंदाबाई उठून आत गेल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

पाकीट वेळेवर पोचलं. रक्त पातळ करणाऱ्या जातीचं औषध होतं, त्याचा उतारा डॉक्टरीणबाईंकडे होता. काही दिवसांनी ठमी घरी आली, जीव धरून. राण्यांनी सभेत माफी मागितली आणि सिमेंटची पिशवी आणून दिली. मामांशी मात्र सुनंदाबाईंनी बोलणं टाकलं. ठमीलासुद्धा त्या आता हळू आवाजात हाक मारायच्या.

एके संध्याकाळी टिपणीस घाडींच्या गॅलरीत पाइपाभोवतीची भोकं बुजवत होते, सिमेंटमध्ये काचेचा चुरा कालवून, म्हणजे उंदीर पुन्हा कुरतडणार नाहीत. मामा घमेलं धरून उभे होते. एवढ्यात आडोशापलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"मामा."

मामांच्या हातातलं घमेलं कललं.

"ठमीला दवाखान्यात न्यायचं असतं एक दिवसाआड. टोपली मला एकटीला झेपत नाही. उद्या सकाळी तयार राहा."

"ऱ्हवतंय," मामा घाईघाईने म्हणाले. मग जरा थांबून, भीत भीत, "किती दिस न्हेवचा लागतला?"

"महिनाभर तरी, म्हणाल्या."

"बरां झाला," मामांच्या तोंडून निघून गेलं. काय बोललो ते कळलं तसे ते शरमेने लाल झाले, आणि पलीकडे सुनंदाबाई कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसल्या.