सोड म्हणेपर्यंत

ठक.

दुपारच्या सामसूम घरात एवढाच आवाज झाला आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बिट्टीच्या आईने उजवा पाय फरशीवर गच्च दाबला. मग तिचं तिलाच हसू आलं. बिट्टी खाली फतकल मारून बसली होती, हातात चमचा, पुढ्यात पालथी वाटी. आईचा पाय पाहून तिने मोठ्या ऐटीत दोनदा वाजवलं, ठक ठक, आणि आईने पाय उचलला.

"बाईसाहेबांचे ब्रेक एक नंबर लागतात," हात पुसत दारात आलेला नवरा म्हणाला. "आता त्या धुडाचे लागले, की मी सुटलो."

धूड घरामागच्या शेडमध्ये उभं होतं. सैन्यातला फार जुना ट्रक. भंगारातून आणल्यापासून नवऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. इंजिन झालं, रंग झाला, राहिले ते ब्रेक. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती, टेकडीवरून थेट खाली गावात, आणि बाबांच्या शेजारी कोण बसणार हे बिट्टीने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. बिट्टीची आई ब्रेकची पुन्हा पुन्हा चौकशी करायची ती एवढ्यासाठीच. टेकडीचा उतार ती रोज पायी उतरत होती. शेवटच्या वळणावर पावलं आपोआप धावायला लागतात, हे तिला ठाऊक होतं.

नवरा समजावून दमला होता. पूर्वी चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच वाट. नळी एका जागी फुटली, की सगळंच मोकळं. म्हणून त्याने पेडलमागचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर नवा बसवला होता. पुढच्या चाकांचं ऑइल वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक गेलं तरी दुसरं धरतं. हे सांगताना त्याने काढलेली जुनी नळी दाखवली, तेवढं मात्र त्याचं चुकलं. ती खरंच एका जागी फुटलेली होती, फुलासारखी उमललेली.

"हे कधी झालं असेल?" तिने विचारलं होतं.

"धुडालाच विचार," तो म्हणाला होता.

नळ्यांमधली हवा काढणं हे दोघांचं काम. त्याने खाली निजून चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, ढिला करायचा, तिने वर बसून पेडल दाबायचं. बिट्टीची दुपारची झोप मोडू नये म्हणून हाका मारायच्या नाहीत, असं ठरलं होतं. त्याने पान्याने लोखंडावर एकदा ठोकलं की दाबायचं, दोनदा ठोकलं की सोडायचं; बिट्टीने हे केव्हाच उचललं होतं. आणि सोड म्हणेपर्यंत, काही झालं तरी, पाय काढायचा नाही. मध्येच काढला तर हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. नणंदेने त्यावरून टोमणाही मारला होता, की लोकांच्या बायका गाडीत बसून हिंडून येतात, आमची वहिनी बसल्या जागी पाय मारते.

हवा निघायची. पेडल दगडासारखं घट्ट व्हायचं. आणि सकाळी शेड उघडावं, तर ते पार खाली गेलेलं. फरशी कोरडी, सगळे जोड कोरडे, डब्यात ऑइल काठोकाठ. नवऱ्याने स्प्रिंग बदलली, सील बदललं. ती मात्र पेडलच्या रबराकडे पाहत राहायची. जुनं रबर एकाच कडेला झिजलेलं होतं, कोणी वर्षानुवर्षं पाय तिरपा ठेवत आलं असावं तसं. ते काढून नवं बसवलं. आठवड्याभरात तेही त्याच कडेला झिजलं. तिने आपला पाय ठेवून पाहिला. तो सरळ पडत होता.

हे तिने नवऱ्याला दाखवलं तेव्हा त्याने रबराला शिव्या घातल्या. हल्लीचा माल.

आज शेवटचं चाक होतं. बिट्टी घरात निजली होती. एकदा ठोकल्याचा आवाज आला, तिने पेडल दाबलं. निपल घट्ट झाला. ती दाबून असतानाच नवऱ्याने जॅक उतरवला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे पायानेच सरकवले आणि ऑइलची बाटली आणायला घराकडे निघाला. दोनदा ठोकायचं विसरला.

आपला वेंधळा, ती मनात म्हणाली. शेडचा उतार डोळ्यांना कळत नसे, पण निसटलेला बोल्ट घरंगळत मागे फाटकापर्यंत जाई. त्यात हँडब्रेकचा ड्रम उतरवलेला, इंजिनाला चाकांशी जोडणारा शाफ्ट उतरवलेला. गिअरचासुद्धा आधार नाही. पण ठोकळे होते. पोटरी भरून आली होती. तिने पाय उचलायचं ठरवलं.

ठक.

आवाज तिच्या तळपायाखालीच झाला.

तिने पेडल गच्च दाबलं आणि मग आरशात पाहिलं. नवरा लांब नळाशी उभा होता, पाठमोरा, हात धूत.

"कोण आहे खाली?"

केबिनमध्ये ऑइलचा उग्र वास दाटला होता आणि त्यात आणखी एक वास होता, ओल्या लोकरीचा, जुन्या फौजी कोटाला येतो तसा. तिची मांडी लटपटायला लागली. पोटरीत गोळा आला आणि पाय घसरून खाली पडला.

पेडल वर आलं नाही.

ती वाकून बघत राहिली. रबराची बाहेरची, झिजलेली कड दबलेली होती. आतली कड नव्हती.

मग तिचं लक्ष पुन्हा आरशाकडे गेलं. मागच्या चाकामागे अगदी चिकटून बिट्टी बसली होती. एक ठोकळा तिच्या मांडीवर होता. दुसराही काढून त्यावर तिने बाहुली निजवली होती.

ऑइल घेऊन परतलेल्या नवऱ्याच्या हातातली बाटली पडली. पळत येऊन त्याने पोरीला उचललं.

"पाय काढू नकोस," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"काढलाय," ती म्हणाली. "मघाशीच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती दारातून उतरत होती, दोन्ही पायांनी. धूड जागचं हललं नव्हतं.

बिट्टीला तिच्या कडेवर देऊन तो चाकामागे गुडघ्यांवर बसला. ठोकळे लावले. ते पक्के बसवायला हातोडा उचलला.

"ठोकू नकोस," ती पुटपुटली. "हाताने बसव."

त्याने हातोडा फरशीवर अलगद ठेवला आणि ठोकळे तळहातांनी दाबत राहिला, पुन्हा पुन्हा, घट्ट झाल्यानंतरही.

तिने लेकीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. केसांना लाकडाच्या भुशाचा वास होता, झोपेचा ऊबदार वास होता. तिला रडू येत होतं आणि रडायची भीतीही वाटत होती. केबिनचं दार उघडंच होतं. पेडल तसंच खाली होतं, आणि बारीक थरथरत होतं, मघाशी तिची मांडी थरथरत होती तसं.

बिट्टीने मान वळवून आत, रिकाम्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्यांना सोड म्हणून कोणी सांगितलंच नाही का?"