बदली दिल्याशिवाय रजा नाही

भुताची गोष्ट सांगा म्हणून पोरं मागे लागली की धोंडूमामा आधी वर, पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे बघून घेतात. दिवा मालवलेला असेल तरच तोंड उघडतात. कारण ही गोष्ट त्यांच्या बायकोच्या, द्रौपदीमामींच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे, आणि मामींनी ती मामांखेरीज आजवर कुणाला सांगितलेली नाही.

विक्रोळीच्या त्या बिल्डिंगीखाली रात्री साडेअकराला बाकावर चार-पाच जण असतात. त्यात तळमजल्यावरचा नितेश असतो आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली तेजल असते. मामांनी मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये एकतीस वर्षं वॉर्डबॉय म्हणून काढली. मामी तिथेच रात्रपाळीच्या आया. नर्सिंग होमचं नाव मामा सांगत नाहीत. ते अजून चालू आहे, एवढंच म्हणतात. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, असंही म्हणतात.

तर तो मंगळवार होता. सतरा ऑक्टोबर, दोन हजार तेवीस. नवरात्रातली तिसरी माळ. दीप्ती सावंत नावाची पोरगी, बावीस-तेवीस वर्षांची, भांडुपला मावशीकडे राहायची. दुपारी चारला ती रिक्षाने नर्सिंग होमला आली. काम साधं होतं. डॉक्टरची चिठ्ठी सुलक्षणा मॅडमच्या हातात द्यायची, रजा मागायची आणि घरी जाऊन पेज पिऊन झोपायचं. तापाचा तिसरा दिवस होता. डेंग्यूची शंका आहे, पाच दिवस अंथरुणावरून उठायचं नाही, असं चिठ्ठीत लिहिलेलं होतं.

सुलक्षणा मॅडम म्हणजे तिथल्या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. बाई वाईट नव्हती. तिने दीप्तीला बसवलं, पाणी दिलं, चिठ्ठी दोनदा वाचली. मग सगळ्यांना विचारायची तेच विचारलं.

"बदली कोण देतेय?"

तिच्या मागे भिंतीवर पाटी होती. आजारपणाची रजा वर्षाला सात दिवस. अर्ज अठ्ठेचाळीस तास आधी द्यावा. आपल्या जागी बदली दिल्याशिवाय रजा मंजूर होणार नाही.

तेजल इथे दर वेळी भडकते. ताप येणार हे अठ्ठेचाळीस तास आधी कळणार कसं, असं विचारते.

"डासाला सांगून ठेवायचं," मामा म्हणतात. "बाबा रे, परवा चाव. आज नोटीस दे."

पोरं हसतात. तेजल हसत नाही.

बदली आणायची ती जी आजारी आहे तिनेच. दीप्तीने जिन्यात बसून अकरा जणींना फोन केले. कुणी सलग दुसरी पाळी करत होती, कुणी गावाला होती. एक स्वतःच तापाने पडलेली. ती म्हणाली, तुला कुणी मिळालीच तर माझ्यासाठी पण विचार ना यार. शेवटी दीप्तीनेच फोन ठेवून दिला. ड्यूटीला न येऊन चालणार कसं? मध्येच नोकरी सोडायची नाही अशा बाँडचे चार महिने बाकी होते, आणि तिची मूळ सर्टिफिकिटं ऑफिसच्या कपाटात बंद होती. नोकरी गेली तर तीही अडकली.

तेव्हा तिने केलं ते, जे तिथे सगळ्याच करतात. दोन गोळ्या घेतल्या, म्हणजे कुणी थर्मामीटर लावला तरी ताप दिसू नये. आदल्या पाळीच्या मैत्रिणीकडून डाव्या हातात सलाईनची नळी टोचून घेतली, पट्टीने चिकटवली, वरून बाही ओढली. राउंड झाला की कपडे बदलायच्या खोलीत जायचं, बाटली जोडायची, दहा मिनिटं बसायचं, नळी सोडवायची, पुन्हा वॉर्डात. पेशंटने पेशंटची सेवा करायची. आठला तिने ड्यूटी घेतली.

दुसऱ्या मजल्यावर नऊ पेशंट. त्यातला सहा नंबर महत्त्वाचा. जान्हवी, एकोणीस वर्षांची कॉलेजातली पोरगी, साखर भयंकर वाढून आलेली. तिला पंपाने इन्सुलिन चालू होतं. दर तासाला बोट टोचून साखर बघायची आणि त्याप्रमाणे पंप कमी-जास्त करायचा. दोन-तीन तास कुणी बघितलंच नाही, तर साखर उतरत जाते, उतरत जाते, आणि माणूस झोपेतच जातो. हाक मारत नाही, कण्हत नाही. दीप्तीला हे पक्कं ठाऊक होतं. रात्रभर तिच्या डोक्यात तेवढं एकच होतं... सहा नंबर.

दहाला बाहेरचा गरबा थांबला. अकराला साखर बघितली. बाराला बघितली. एकला बघितली, तेव्हा मशीनवरचे आकडे तिला दोन-दोन दिसत होते. पावणेदोनला ती भिंत धरत चालायला लागली. तिने द्रौपदीमामींना गाठलं. ड्यूटीवर सगळ्या त्यांना मावशीच म्हणत.

"मावशी, दहा मिनिटं बसते. दोनला मला उठव. विसरू नको हां."

मामींनी मान हलवली.

खोलीत लोखंडी कपाटं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये सलाईनचा स्टँड. दीप्ती एका खुर्चीत बसली. बाटली अडकवली, नळी हाताला जोडली. थेंब पडायला लागले. तिने डोळे मिटले.

मग जाग आली. किती वेळाने, ते कळलं नाही.

थेंब पडत होते. तिने बाटलीकडे बघितलं. नळीकडे बघितलं. नळी खाली येत होती... पण तिच्या हाताकडे येत नव्हती.

शेजारच्या खुर्चीकडे जात होती.

खुर्चीत कुणीतरी होतं.

पांढरी बाही. बाहीतून आलेला हात. हातावरची पट्टी पिवळी पडलेली, कडा सुटलेल्या. नळीत वीतभर रक्त चढलेलं.

आणि धग. तव्यापाशी बसल्यावर लागते तशी. सगळी त्या बाजूने.

दीप्तीला उठायचं होतं. पाय हलेनात. ओरडायचं होतं...

"झोप गं," शेजारून आवाज आला. थकलेला, कोरडा. "सहा नंबरचं मी बघते."

खुर्ची करकरली. चपला वॉर्डाकडे गेल्या. थोड्या वेळाने साखरेचं मशीन वाजलं. बीप.

शांतता.

चपला परत आल्या. धग परत आली.

शांतता.

पुन्हा चपला. पुन्हा बीप.

...

दीप्तीला खरी जाग आली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. ती धावली. हाताची नळी स्टँडसकट ओढली गेली, त्याचं तिला भान नव्हतं. सहा नंबरपाशी पोचली आणि जान्हवीच्या नाकापुढे बोट धरलं.

श्वास होता. गार, बेताचा, शांत.

मग तिने चार्ट बघितला. दोनला दोनशे सत्तेचाळीस. तीनला एकशे शहाऐंशी. चारला एकशे सत्तेचाळीस. पाचला एकशे बत्तीस. तीनला पंप कमी केलेला, ग्लुकोजची बाटली लावलेली. दीप्तीने जे केलं असतं, नेमकं तेच. अक्षर तिचं नव्हतं. सातच्या आकड्याला मध्ये एक बारीक आडवी रेघ होती. दीप्ती तशी रेघ देत नाही.

जान्हवीने डोळे उघडले.

"सिस्टर, त्या दुसऱ्या सिस्टर आहेत ना, त्यांना घरी पाठवा. मला टोचताना हात धरला त्यांनी. केवढा गरम होता. ताप आहे त्यांना."

दीप्ती मागे वळली. द्रौपदीमामी खाली मान घालून चादरींच्या घड्या घालत होत्या.

"मावशी, मला उठवलं का नाहीस?"

"आलेले उठवायला."

"मग?"

"तुझी बदली बसली होती."

"कुठली बदली? मला कुणीच मिळाली नव्हती."

मामींनी एक घडी मोडली. पुन्हा घातली.

"जुनी आहे," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या विषयावर मामी दीप्तीशी बोलल्या नाहीत, आणि मामांशी बोलल्या त्या फक्त एकदाच.

सकाळी आठला सुलक्षणा मॅडम राउंडला आल्या. सहा नंबरचा चार्ट उचलून खूश झाल्या. मोठे डॉक्टर पण खूश होते. मॅडम दीप्तीला केबिनमध्ये घेऊन गेल्या आणि दारात उभ्या असलेल्या दोघी-तिघींना ऐकू जाईल असं बोलल्या. अंगात ताप असून हिने एक तास चुकवला नाही. शनिवारच्या मीटिंगला मी हा चार्ट सगळ्यांना दाखवणार आहे. रजा रजा करत बसता, बघा, मनात असलं की होतं.

इथे मामा थांबतात. बिडी काढतात, पेटवत नाहीत.

तुम्ही काय केलं असतं, असं विचारतात पोरांना. गप्प बसली तर नोकरी राहते, शाबासकी मिळते, सर्टिफिकिटं मिळतात. फक्त पुढची पोरगी ताप घेऊन आली की तिच्या तोंडावर हा चार्ट मारणार. खरं बोलली तर... पेशंट पंपावर असताना झोपलेली सिस्टर. तिला पुन्हा कोण कामावर घेईल?

"मी बोलले असते," तेजल म्हणते.

"तुझी सर्टिफिकिटं अजून घरी आहेत," मामा म्हणतात.

दीप्ती टेबलाला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी झोपले होते. पावणेदोन ते सव्वापाच."

मॅडम हसल्या. "तापात भ्रम होतो, बाळा. मग हे लिहिलं कुणी?"

दीप्तीने चार्टवरच्या सातवर फक्त बोट ठेवलं.

मॅडमनी बघितलं.

पुन्हा बघितलं.

मग त्या खुर्चीत बसल्या.

सातला अशी रेघ द्यायची ती शेवंती सिस्टर. त्याच्या चार वर्षं आधी तीसुद्धा तापात आली होती. तिलाही बदली मिळाली नव्हती. पहाटे सहाला त्याच खोलीत सापडली, हाताला नळी, वर रिकामी बाटली. मामांनीच तिला उचलून खाली आणलं होतं. म्हणून तिचं अंग तेव्हाही गरम होतं, हे त्यांना माहीत आहे. त्याच दुपारी ऑफिसात तिच्या नावाचा अर्ज तयार झाला. तारीख आदल्या दिवसाची. आजारपणाची रजा, मंजूर. खाली सही सुलक्षणा मॅडमची. ड्यूटीवर मेली असं कुणी म्हणू नये म्हणून. जिवंतपणी मागून मिळाली नाही, ती रजा अशी मिळाली.

"म्हणजे कागदावर ती त्या रात्री तिथे नव्हतीच," नितेश म्हणतो.

"नव्हतीच."

"मग तिची ड्यूटी केली कुणी?"

मामा वर खिडकीकडे बघतात.

मॅडमनी कपाटातून रजेचा फॉर्म काढला आणि दीप्तीचं नाव स्वतः लिहिलं. पाच दिवस. बदलीच्या ओळीवर पेन आलं आणि थांबलं. ती ओळ त्यांनी तशीच सोडली, सही केली. मग सर्टिफिकिटांचं पाकीट काढून दीप्तीपुढे ठेवलं. दीप्तीने मागितलंही नव्हतं. त्या दिवशी दीप्ती पालिकेच्या हॉस्पिटलात भरती झाली तेव्हा प्लेटलेट एकोणीस हजारांवर आल्या होत्या. दुसरी रात्र उभी राहिली असती तर राहिली नसती. वाचली. आता दुसरीकडे काम करते. मॅडमनी डिसेंबरात नोकरी सोडली. पाटी मात्र भिंतीवर आहे तशी आहे.

आणि एवढं घडून गेल्यावर, नोव्हेंबरात, मामा आपल्या पीएफच्या कागदासाठी तिथे गेले होते. ऑफिसातला सुशांत हजेरीच्या मशीनचा कागद काढत बसला होता, अंगठा लावायचं ते मशीन. त्याने कागद मामांपुढे सरकवला आणि म्हणाला, ही ओळ कुणाची ते सांगा, मला काही पत्ता लागत नाही.

नाव नाही. नंबर नाही. आत आल्याची वेळ : अठरा ऑक्टोबर, रात्री एक बावन्न. बाहेर गेल्याची वेळ : काही नाही. शेवटी ड्यूटीचे तास, तीन आकडी.

मार्चमध्ये त्यांनी मशीन बदललं. दुसऱ्या कंपनीचं, नवं कोरं आणलं. सगळ्यांचे अंगठे नव्याने घेतले. महिनाअखेर कागद निघाला, त्यात ती ओळ होती.

तास पहिल्यापासून मोजलेले नव्हते. जिथे होते, तिथून पुढे चालू होते.