दार पाचची हाक

गणितात मी कच्ची नाही. तरी एक गणित मला अकरा दिवस सुटत नव्हतं. मृगशीर्ष वसाहतीत माणसं चारशे बारा. त्यांत कारभारी एक आणि त्याचे पहारेकरी तीस. मग हे एकतीस जण उरलेल्या तीनशे एक्क्याऐंशी जणांना धाकात कसे ठेवतात?

खटपट्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आधी आमटी संपवा. मग सांगतो की."

खटपट्या आमचा यंत्रमानव. सांगलीकडच्या एका कारखान्यात बनला, त्यामुळे बोलणं तिकडचं. त्याला स्वयंपाक येतो, पाना फिरवता येतो आणि डोक्यात इतिहासाची अख्खी कपाटं भरलेली आहेत. नाही येत ते एवढंच, की माणूस रडायच्या बेतात असताना गप्प कसं बसावं.

मी शर्मिष्ठा घोलप. वय बारा. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला एका डोंगरकड्यावर आमचं ठाणं आहे. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक कोठार आणि एक पुनर्प्रक्षेपक (दुरून आलेल्या आवाजाला जोर देऊन पुढे धाडणारं यंत्र). वसाहत साठ किलोमीटरवर, एका विवरात (उल्का आपटून झालेल्या खोल खड्ड्यात), घुमटाखाली. ठाण्यात मी आणि आई. बाबा पृथ्वीवर, आणि पृथ्वीची लाइन कारभाऱ्याने महिन्याभरापूर्वी तोडली. अकरा दिवसांपूर्वी त्याने आईलाही नेलं. राहिले मी आणि खटपट्या.

का नेलं ते कळायला आमची हाक कळायला हवी.

वसाहतीला चोवीस दारं आहेत. माझ्या जन्माआधी संगणकाने एका दाराबद्दल "सगळं ठीक" असं सांगितलं, आणि त्या कुलूपबंद दारामागे हवा संपून नऊ माणसं गेली. तेव्हापासून नियम झाला, की यंत्राच्या शब्दावर कुठलंही कुलूप टिकणार नाही. दर आठ तासांनी, पाळी बदलताना, प्रत्येक दारवान लाइनवर हाक देतो, "दार एक, हवा आहे." ठाण्यातून उत्तर जातं, "ऐकलं." दोन्ही झालं की कुलूप पुढचे आठ तास धरतं. एखादी हाक किंवा उत्तर राहिलं, तर कडी आपोआप सुटते आणि आतल्या माणसाला दार हाताने उघडता येतं. उत्तर देणारा आवाजही यंत्रात नोंदवलेला लागतो. नवा आवाज नोंदवायचा, तर चोवीस दारवानांची संमती हवी. आमच्या ठाण्याचे आवाज दोनच, आईचा आणि माझा.

हे मी सहा वर्षांची असल्यापासून पाढ्यांसारखं पाठ केलेलं. पाठ झालेल्या गोष्टीचा विचार कोण करतं?

आईला न्यायला आलेले पहारेकरी म्हणाले, की घोलपबाईंनी कामात चूक केली, एक उत्तर चुकवलं. मला आईचा रागच आला. माझ्या गृहपाठातली एक मात्रा सुटली तर बोलणी खायची मी, आणि स्वतः मात्र असं? आई अंतराळपोशाख चढवताना एवढंच म्हणाली, "खटपट्याचं ऐक. जेवत जा." मग कारभारी लाइनवर आला. आवाज मधाळ. "शर्मिष्ठाबेटा, उत्तरं आता तू द्यायची. एकही चुकवली नाहीस, की आई लवकर परत येईल."

अकरा दिवस मी एकही चुकवलं नाही. झोपेतून उठून दिलं. तापात दिलं. खरं सांगायचं तर मला त्या हाकांची सवय लागली होती. दिवसभरात माणसाचा आवाज तेवढाच. दार आठच्या हसीनाचाचींचा जाडाभरडा. दार पाचच्या वामनकाका लोटलीकरांचा, प्रत्येक वेळी खाकरून येणारा. त्यांना हाकेपलीकडे एक शब्द बोलायची परवानगी नव्हती आणि मलाही नव्हती. चोवीस माणसं मला हवेबद्दल सांगायची, मी "ऐकलं" म्हणायचे, आणि मग पुन्हा आठ तास खटपट्याच्या सांध्यांची कुरकूर. मला इतकं एकटं वाटायचं, की आईचा टॉवेल मी धुवायला टाकला नव्हता.

अकराव्या दिवशी चोरवाटेने एक संदेश आला. भास्करमामा थिटे बोलत होते. मामा खाणीवरचे मुकादम आणि आईचे मानलेले भाऊ.

"शमू, नीट ऐक. तुझी आई दार पाचच्या मागे आहे. आणखी आठ जण आहेत. त्यांनी निवडणूक मागितली, एवढाच गुन्हा. कारभारी दोन वर्षांसाठी आला आणि सहा वर्षं बसला आहे. तुमच्या कोठारात साठ खिळेबंदुका आहेत. आमची गाडी कोठाराशी येईल, तू तुझ्या आवाजाने कुलूप उघड. ते तीस, आम्ही साठ. दहा मिनिटांत निकाल."

खिळेबंदूक म्हणजे खडकात पोलादी खिळा ठोकणारं हत्यार. खडकात जातो तो खिळा माणसात सहज जाईल. माझी आई सुटणार होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात खटपट्याने लाइनवर हात ठेवला.

"एक तास द्या मामा," तो म्हणाला. "ताईंचं एक गणित राहिलंय."

मी त्याच्यावर भयंकर चिडले. त्याने शांतपणे नटबोल्टांचा डबा टेबलावर उपडा केला. एक मोठा नट मधोमध. त्याच्याभोवती तीस वॉशर. बाकी सगळे बोल्ट बाहेर पसरलेले.

"हा कारभारी, हे पहारेकरी, ही वसाहत," तो म्हणाला. "आता साठ बोल्टांना बंदुका द्या. जिंकतील?"

"साठ म्हणजे तिसाच्या दुप्पट. जिंकतील."

"जिंकूही शकतील. नाही असं मी म्हणत नाही. पृथ्वीवर हत्यारं घेऊन लोकांनी जुलमी राजे घालवलेत. पण हत्यारं घेतलेले पार चिरडलेही गेलेत. आणि काही ठिकाणी जिंकले, तर बंदूकवाल्यांतलाच एक जण नवा कारभारी होऊन बसला. आता पहिला खिळा सुटला असं धरा. हे वॉशर काय करतील?"

मी विचार केला. "घाबरतील."

"घाबरून कुणाकडे सरकतील?"

मी वॉशर मधल्या नटाला चिकटवले. ते कडं घट्ट झालं.

"आणि म्हातारे, लेकुरवाळ्या, भित्रे? बंदुका कितींच्या हातात?"

"साठच. बाकीचे घरात बसतील." मी उरलेले बोल्ट लांब ढकलले. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. "आणि खिळा घुमटाला लागला तर सगळेच."

"ती इथली अडचण. पृथ्वीवर घुमट नसतो, तरी बाकीचं गणित तेच असतं. गेल्या शंभरेक वर्षांतले लढे अभ्यासकांनी मोजले. बिनहत्यारी लढे जास्त वेळा जिंकलेले दिसले, कारण त्यांत आजीपासून नातीपर्यंत कुणीही येऊ शकतं. पण तेही कितीदा तरी हरलेत, माणसं मेलीत. अभ्यासकांची यावर अजून भांडणं चालू आहेत. खात्रीचं उत्तर माझ्याकडं नाही. पण बंदूक असो वा नसो, एक गोष्ट बघायचीच."

"कुठली?"

"कारभारी सकाळी उठल्यापासून स्वतःच्या हाताने काय काय करतो, ते सांगा बघू."

मी बोटं मोजायला लागले. चहा त्याला मुदपाकखान्यातून येतो. पाणी पंपवाले देतात. हुकूम टंकणारा टंकतो. पहारेकऱ्यांचे गणवेश धुलाईवाले धुतात. माणसं कोंडून ठेवतो ते दार वामनकाका सांभाळतात. वामनकाका हाक देतात, मग कुलूप धरतं. म्हणजे हाक देतात, आणि मग...

मी थांबले.

"मग मी 'ऐकलं' म्हणते," मी म्हणाले.

खटपट्या चक्क गप्प बसला.

अकरा दिवस, दिवसातून तीनदा. तेहेतीस वेळा मी माझ्याच आईला कुलूप घातलं होतं, तेही स्पष्ट उच्चारात. आणि आईची ती चूक? आई हाक चुकवणारी बाई नव्हेच. आत कोंडलेल्या आठ जणांसाठी तिने दार पाचला मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं. मला सांगितलं नाही, कारण ते माझ्या अंगावर येऊ नये. आणि मी तिच्यावर रागावून बसले होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बोल्ट कपाळाला टोचत होते, टोचू दिले.

"पण मी एकटी गप्प बसून काय होणार?" मी शेवटी विचारलं.

"प्रत्येकाच्या मनात एक उंबरठा असतो (आपल्याआधी किती जण पुढे गेले की आपण जायचं, तो आकडा). कुणाचा एक, कुणाचा पाच, कुणाचा वीस. सगळे एकमेकांकडं बघत थांबलेले. एकवाला हलला की दोनवाला हलतो. पण सुरुवातीला शून्यवाला कुणीतरी लागतो. तो नसला, तर चारशे जण मनातून तयार असूनही काही होत नाही."

"आणि आईला त्यांनी काही केलं तर?"

"करू शकतात."

"मग मी काय करू?"

"ते मी सांगणार नाही, ताई. मला आई नाही. माझं सांगणं म्हणजे फुकटचं शहाणपण."

भास्करमामांना मी कळवलं, की कुलूप आत्ता उघडत नाही, एक पाळी थांबा. "पोरखेळ आहे का हा?" मामा ओरडले आणि लाइन बंद झाली. आता तेही माझे राहिले नाहीत असं वाटलं.

पाळी बदलली. हाका सुरू झाल्या. दार एक, ऐकलं. दोन, ऐकलं. तीन, चार. मग खाकरणं आलं. "दार पाच, हवा आहे."

मी ओठ दाबून धरले.

"दार पाच, हवा आहे," वामनकाका पुन्हा म्हणाले. थोडं थांबून तिसऱ्यांदा म्हणाले. चौथ्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला. "पोरी, आहेस ना तिथे?" हा हाकेबाहेरचा शब्द होता. अकरा दिवसांत कुणा दारवानाने मला विचारलेला पहिला प्रश्न. हो, आहे, असं ओरडावंसं वाटलं. मी खटपट्याचा थंडगार हात धरून बसले. भिंतीवरच्या फळ्यावर दर दाराचा एक दिवा आहे, त्यातला पाचचा विझला. कडी सुटली.

दार सहा लगेच पुढे झालं. उरलेल्या सगळ्यांना मी नीट उत्तरं दिली.

मग कारभारी आला. या वेळी आवाजात मध नव्हता. त्याने लाइनवरच हुकूम सोडला. माझा आवाज रद्द, एका पहारेकऱ्याचा आवाज नोंदवायचा, त्याला घेऊन गाडी चार तासांत ठाण्यावर येईल. "दारवानांनी संमती द्यावी. दार एक?"

"संमती."

दोन, तीन, चार, सगळ्यांची संमती. वामनकाका बराच वेळ खाकरले. "संमती." सहा, सात, संमती.

"दार आठ?"

काही नाही.

"दार आठ, संमती?"

"नाही," हसीनाचाची म्हणाल्या. "पोरगी गप्प बसली तेव्हाच मी समजले. मी म्हातारी 'संमती' कशाला म्हणू?"

"हिला खुर्चीवरून उठवा," कारभारी कुणाला तरी म्हणाला. आठवर पहारेकरी असणार. त्याने काय केलं ते मला दिसलं नाही. उठवल्याचा आवाज मात्र आला नाही. तेवढ्यात दार नऊ न विचारताच म्हणालं, "नाही." दहाने तेच म्हटलं. अकरा नुसतंच हसलं. तेराच्या पुढे कारभाऱ्याने विचारणं सोडलं, पण नकार येतच राहिले. आणि सगळ्यांत शेवटी खाकरणं आलं. "दार पाच. माझी संमती मागे."

लाइन तुटली.

पुढची पाळी आली. मी कान यंत्राला लावून बसले. एकही हाक आली नाही. फळ्यावरचे दिवे एकेक करत विझले. म्हणजे वसाहतीतली सगळी कुलपं सुटली होती, कोठडीची, शस्त्रागाराची, कारभाऱ्याच्या दालनाचीही. आता कुणालाच कुणाला कोंडता येत नव्हतं. पण मला तिथलं काहीच कळत नव्हतं. तोवर मला चोवीस आवाज तरी होते, आता तेही गेले. खिडकीबाहेर राखाडी जमीन आणि काळं आकाश. चार तासांत येणारी गाडी आठ तासांतही आली नव्हती. आणखी चार तास गेले, तरी आली नाही. आई जिवंत आहे का, हे मी खटपट्याला विचारलं नाही, कारण त्याला खोटं बोलता येत नाही.

त्यानंतरच्या पाळीला लाइन खरखरली.

"दार एक, हवा आहे."

मी घाईघाईने म्हणाले, "ऐकलं." दोन. तीन. चार. मग मी खाकरण्याची वाट पाहिली. ते आलं नाही.

"दार पाच," आई म्हणाली. "हवा आहे."

'ऐकलं' म्हणायचं मी विसरूनच गेले. खटपट्याने मला कोपराने ढोसलं.

"शमू, ऐकते आहेस ना? पहारेकऱ्यांनी गाडी काढलीच नाही. कारभारी त्याच्या खोलीत आहे, दार उघडं आहे, त्याला चहा करून द्यायला मात्र कुणी तयार नाही. भास्करला सांगितलंय, खिळे खडकातच बरे. तो अजून वाद घालतोय, घालू दे. नऊ दिवसांनी मतदान आहे. वामनला ताप आलाय, म्हणून तोवर त्याचं दार मी धरणार. मग घरी. राहशील ना नऊ दिवस?"

नऊ दिवस म्हणजे आईच्या सत्तावीस हाका. दर पाळीला चोवीस दारांतलं एकच, पाचवं, आईचं असणार होतं. तरी चालणार होतं.

"ऐकलं," मी म्हणाले.

खटपट्या आमटी गरम करायला गेला.