पुढच्या सीटवरचं मीठ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हिंगोलीत समुद्र नाही, हे मलाही ठाऊक आहे.

तरीही हे घडलं. माझी मावसबहीण शिला खोटं बोलत नाही. तिला तेवढी सवडच नसते.

गेल्या माघातली गोष्ट. कळमनुरी तालुक्यात, इसापूर धरणाच्या काठाला तिचा तांडा.

नवरा देविदास मालवणला पर्यटकांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, डॉल्फिन दाखवायचा. वर्षातून दोनदा घरी यायचा. त्या खेपेला तिथल्या मालकाची जुनी, दोन सीटची कयाकच टेम्पोत घालून आणली. थंडीत धरणावर पाखरं उतरतात, ती लोकांना दाखवायची. जमलं तर तो कायमचा घरी राहणार होता.

शिलाला एवढंच पाहिजे होतं.

पण रोज सकाळी पुढच्या सीटवर... पांढरं मीठ.

ती घासून धुवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"समुद्राचं मुरलेलं हाय, जाईल," देविदास म्हणायचा.

"महिना झाला घासून राहिले. आख्खा दर्या मुरला का काय याच्यात?"

तिची शेळी चंद्री दावं तोडून तीच सीट चाटायची. मागच्या सीटला तोंडही लावायची नाही.

रविवारी पहिली गिऱ्हाईकं येणार होती. शनिवारी, दिवस कलताना, दोघं सरावाला निघाले. शिला पुढे, तो मागे.

कयाक सरळ जाईना. सारखी मावळतीकडे वळायची.

"काहून वाकडी नेऊन राहिले तुमी?"

"मी न्हाई. तूच एका अंगानं वल्हं मारून राहिली."

"माझं वल्हं मांडीवर हाय!"

मग...

फुस्स.

कुणी मोठा दम सोडावा तसं. पाण्यावर साधी लहर नाही.

"म्हैस असंल," शिला म्हणाली.

"शिला... डॉल्फिन वर आला की असाच दम सोडतो."

"धरणात?"

फुस्स.

आता अगदी समोर. तिच्या तोंडावर पाणी उडालं. तिनं ओठ चाटले...

खारट.

"याच्यात आधी कोण बसत होतं?"

देविदासनं कयाक वळवली. नुसता काठाकडे वल्हवत सुटला.

गिऱ्हाईकं परत पाठवली. "द्या नेऊन ज्याची त्याला," असं शिलाच म्हणाली. आपल्याच तोंडून हे निघालं, याचाच तिला जास्त राग.

देविदास कयाक घेऊन गेला. मालवणहून फोन आला, "आता धुतली न्हाई तरी सीटवर मीठ येत न्हाई. मालकानं कामावर ठेवून घेतलं. आता पावसाळ्यातच येईन."

शिलानं फोन आपटला.

घरात वळून पाहते तर... चंद्री आत आलेली.

बाजेचा रिकामा कोपरा चाटत होती, त्या सीटसारखाच.

शिलानं डब्यातलं मूठभर मीठ तिच्यापुढे टाकलं.

चंद्रीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिला आता खाली झोपते. मला फोन करते आणि चिडून एकच विचारते,

"नवरा गेला तो गेला. मग हे काहून मागं राहिलं?"