पेडल तळापर्यंत दाब

गाडी बंद पडली असती तर एक वेळ परवडलं असतं. पण ती बंद पडलीच नव्हती! इंजिन मजेत गुरगुरत होतं, आणि गाडी पुलाच्या ऐन मध्यावर ढिम्म उभी. टॅम्सिन हॉलिसच्या डाव्या नडगीवर मात्र टरारून टेंगूळ आलं होतं, कारण पेडलने तिला लाथ मारली होती. खरंखुरं पेडल, खरीखुरी लाथ.

"मेलीला कोंबड्यांकडेच राहू द्यायला हवं होतं," ती दात-ओठ खात पुटपुटली.

गाडी तिच्या वडिलांची. नव्वदेक वर्षांची म्हातारी, गडद हिरवी. कुणाच्या तरी कोठारात तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या; तिथून आणून वॉल्टर हॉलिसनी तिचा एकेक खिळा घासून-पुसून तिला उभं केलं. आणि नेमके आता, सफरचंदाच्या झाडावरून पडून, ते डावा पाय प्लास्टरमध्ये घालून बसले होते. शनिवारी धाकट्या ब्रायोनीचं लग्न. नवरी चर्चला याच गाडीतून जाणार, हा वडिलांचा हट्ट. मग चालवणार कोण? टॅम्सिन. आणखी कोण!

पूल जेमतेम एका गाडीपुरता. मागे मिस्टर डॉब्ज यांचा ट्रॅक्टर, त्यामागे पावाची गाडी, त्यामागे रांगच रांग. आणि कुणी हॉर्न वाजवेल तर शपथ! वॉरिकशरमधल्या त्या गावात हॉर्न वाजवणं म्हणजे चर्चमध्ये शिवी देण्यासारखं.

"सावकाश होऊ दे हं, पोरी," मिस्टर डॉब्ज ट्रॅक्टरवरून म्हणाले. तिला आणखीच संताप आला.

तेवढ्यात खिडकीवर हलकी टकटक झाली. रिमझिम पावसात एक उंच तरुण वाकून उभा होता. चष्म्यावर थेंब, हातात सायकल.

"माफ करा... मध्ये बोलतोय, पण – तुम्ही ते पेडल क्लचसारखं दाबलंत का?"

"डावीकडचं पेडल कशासारखं दाबतात? पियानोसारखं?"

"या गाडीला क्लच नाहीच. माफ करा."

"तुम्ही कशाला माफी मागताय? तुम्ही बनवलीत का ही?"

तो हसला. एका गालावर खळी पडली. तिने मुद्दामच तिकडे दुर्लक्ष केलं... म्हणजे केल्यासारखं केलं.

"अर्धवट दाबलं की ते उसळून वर येतं आणि तिथेच अडकतं. हँडब्रेक ओढा. स्टिअरिंग घट्ट धरा, दोन्ही पाय पेडलवर, आणि सगळा जोर. थोडंसं दुखेल हं."

"दुखेल?"

"सवयीने म्हटलं. मी दातांचा डॉक्टर आहे."

तिने जोर लावला. खट्! पेडल खाली गेलं, आणि गाडी सुतासारखी सरळ झाली.

एडविन पेटिफर त्याचं नाव. गावचे दातांचे डॉक्टर आजारी, म्हणून काही महिन्यांपुरता आलेला. रविवारी जुन्या बसगाड्यांच्या संग्रहालयात दुमजली बस चालवायचा. तिचा गिअरबॉक्स या गाडीच्याच जातीचा. वडिलांना हे कळायचा अवकाश, त्यांनी त्याला चहाला बोलावलं, आणि केक संपायच्या आत टॅम्सिनची शिकवणी ठरवून टाकली. तिला विचारलं? छे!

रोज संध्याकाळी दोघं ओसाड विमानतळाच्या धावपट्टीवर जात.

"स्टिअरिंगजवळची ही दांडी. पुढचा गिअर हिने आधीच निवडून ठेवायचा."

"ठेवला. काहीच झालं नाही."

"होणारच नाही. तो नुसता निवडलाय. पेडल तळापर्यंत दाबून सोडलंस, की मग लागेल."

"म्हणजे मनात ठरवायचं, आणि गप्प बसायचं?"

"तसंच... काहीसं," एडविन म्हणाला, आणि उगीचच चष्मा पुसू लागला.

तिचा पाय ऐकत नव्हता. रोजच्या गाडीची सवय, अलगद अर्धं दाबायची! पुन्हा लाथ, पुन्हा किंचाळी. तो बिचारा थर्मासमधला चहा पुढे करायचा, आल्याची बिस्किटं काढायचा. खिडकीवर वाफ साचली की हात लांबवून आपल्या बाहीने पुसायचा, आणि हात मागे घेताना क्षणभर घुटमळायचा... मग म्हणायचा, "माफ कर." टॅम्सिनला वाटे, याच्या डोक्यात बिस्किटांचा डबा हाणावा. तिला तो हवा होता. अगदी हवा होता. आणि हा माणूस काही बोलेल तर ना!

गुरुवारी बोलला. पण काय?

"ऑर्कनीहून फोन आला होता. तिकडे दूर उत्तरेला, बेटावर, कायमची नोकरी देतायत. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

तिने हातातलं बिस्किट डब्यात परत टाकलं. "मग?"

"मग... समुद्र छान आहे म्हणे."

"समुद्र!"

"तुला – म्हणजे – तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? नोकरी तुझी, समुद्र तुझा. बस पोहत!"

त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडवल्याबद्दल त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

शनिवारी आभाळ भरलेलं. मागच्या सीटवर पांढऱ्या झग्यात ब्रायोनी, शेजारी प्लास्टर आडवं टाकून वॉल्टर हॉलिस. पुढे टॅम्सिन, नव्या उंच टाचांच्या बुटांत, आणि तिच्या डावीकडे एडविन. अडलंनडलं तर असावा, म्हणून वडिलांनीच बसवलेला. गाडी लोण्यासारखी चालली होती. पुलाचा चढ आला. टॅम्सिनने खालचा गिअर निवडून ठेवला.

"टॅम्सिन," एडविन हळूच म्हणाला, "आज संध्याकाळी त्यांना कळवण्याआधी मला... म्हणजे असं होतं की..."

"काय होतं?"

"काही नाही. नंतर बोलू. माफ कर."

टॅम्सिनचा संताप पायात उतरला. पेडल अर्धंच दाबलं गेलं, आणि बसली लाथ! गाडी थांबली. तोच पूल, तीच जागा. आणि मागे, देवा रे, तोच ट्रॅक्टर.

"टॅम, तळापर्यंत! किती वेळा सांगायचं!" वडील ओरडले.

"मला नका सांगू, याला सांगा!" हँडब्रेक ओढून ती एडविनकडे वळली. डोळ्यांत पाणी, नाक लाल. "दिवसभर लोकांना 'तोंड उघडा' म्हणतोस, तुझं कधी उघडणार? आतल्या आत निवडून ठेवतोस आणि बसतोस गप्प! दाबलंस तर तेही अर्धवट. आणि लाथ कुणाला बसते? मला!"

काचेवर थेंब टपटपत होते.

"माझा नवरा चर्चमध्ये उभा आहे," ब्रायोनी मागून म्हणाली, "पण माझी काही घाई नाही. बोल रे बाबा!"

एडविनने चष्मा काढला. पण या वेळी तो काच पुसत बसला नाही.

"मला ऑर्कनीला जायचं नाहीये. मला तू हवी आहेस, टॅम्सिन. पहिल्या दिवशी, याच पुलावर, तू माझ्यावर खेकसलीस ना, तेव्हापासून. तू हो म्हणालीस तर इथेच राहीन. नाही म्हणालीस तरी... निदान सांगून झालं."

"हो," ती म्हणाली. "गाढवा, हो!"

पण पेडल अजून वरच अडकलेलं, आणि त्या टाचांच्या बुटांत तिच्या पायाला जोर येईना. एडविन तिच्याकडे सरकला, आपला उजवा पाय तिच्या पायावर अलगद ठेवला, आणि दोघांनी मिळून दाबलं... अगदी तळापर्यंत. खट्!

तिने त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. वॉल्टर हॉलिस घाईघाईने खिडकीबाहेर नदी बघू लागले.

आणि मागून हॉर्न वाजला. त्या गावात! लांबलचक, कान किटवणारा, मिस्टर डॉब्ज यांच्या ट्रॅक्टरचा. त्याच्या मागे पावाची गाडी, मग सगळी रांगच.

एडविन लाजून मागे वळला, खिडकीची काच खाली करू लागला. "मी जरा त्यांची माफी –"

"खबरदार!" टॅम्सिन म्हणाली, आणि हँडब्रेक सोडला.