घरात नाव घ्यायचं नाही

अमेरिकेत शॉमबर्गला आम्ही एका घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. वर घरमालकीण नोराआजी, ऐंशीची, आयरिश, एकदम खुटखुटीत. तिची अट एकच: घरातल्या पुरुषाचं नाव घरात मोठ्यानं घ्यायचं नाही. गेलेल्या नवऱ्यालाही ती 'हिमसेल्फ' म्हणायची, म्हणजे आपल्याकडचं 'हे'च की. मी प्रोग्रामर बाई, असल्या गोष्टींवर विश्वास शून्य. पण जागा चांगली होती, म्हणून नवऱ्याला, केदारला, 'अरे', 'ऐक ना' करून भागवायचे.

या अटीचं कारण तिनंच सांगितलं होतं. सतराशे अठ्ठ्याण्णवचं इंग्रजांविरुद्धचं बंड मोडल्यावर आयर्लंडमधल्या तिच्या गावात सैनिक लपलेल्या पुरुषांना शोधत होते. घरात शिरत नसत. तिन्हीसांजेला कुणीतरी खिडकीखाली उभं राहायचं, बायकोच्या तोंडून नाव येईपर्यंत. मग बाहेरून हाक यायची, हुबेहूब तिच्याच आवाजात. ओ देऊन गेलेला परत येत नसे.

"सैनिक गेले," नोराआजी म्हणाली, "ऐकणारा राहिला. आमच्यामागून बोटीनं इकडे आला."

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

दोन हजार चारच्या जानेवारीत मी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. बाहेर गुडघाभर बर्फ. नोराआजीही कौतुकानं कुंकू लावून तिळगूळ खात बसली. तेवढ्यात आलेल्या बायकांमधल्या शोभनाकाकूंनी टुमणं लावलं, "रुचा, नाव घे."

"चल यार, नखरे नकोत," माझी मैत्रीण यामिनी म्हणाली.

गप्पांच्या नादात माझ्या डोक्यातून अट पार गेली.

"तिळाच्या वड्या थापल्या स्टीलच्या ताटात,
केदाररावांचं नाव घेते बर्फाच्या थाटात."

टाळ्या पडल्या. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या नोराआजीला तेवढं 'केदार' कळलं. तिनं उठून खिडकीचा पडदा ओढला.

"हिमसेल्फ कुठेय?"

"ऑफिसातून निघालाय."

"फोन कर. म्हणावं, हाक आली तर ओ देऊ नको."

फोन नुसता वाजत राहिला. मला भीती वाटायला लागली.

पडद्यावर गाडीचा उजेड फिरला. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

मी धावत जाऊन दार उघडलं. केदार पायरीवर उभा होता.

"काय गं, गॅरेजमागून 'केदारराव, केदारराव' काय लावलंयस?"

"तू ओ दिलीस?"

"मग? आलो म्हटलं."

मी त्याची बाही घट्ट धरली. त्यानं ती सोडवली, तो गॅरेजकडे वळला आणि तिकडे बघून, रोज मला म्हणतो तसंच, किंचित वैतागून म्हणाला, "आलो म्हटलं ना गं."